घरातली जुनी पोथी रद्दीत देऊ नका! यवतमाळच्या शारदाश्रमाची गोष्ट वाचा

यवतमाळ : जुनं घर पाडताना मोडीतले कागद, पोथी नाहीतर तांब्याचा पत्रा निघाला की आपण काय करतो? कागद रद्दीत, तांबं मोडीत. पण अशाच वस्तूंतून वऱ्हाडाचा इतिहास उभा राहिला. त्यातलं मोठं काम आपल्या यवतमाळच्या शारदाश्रमात झालं.

काय आहे शारदाश्रम?

नाव आश्रमाचं असलं तरी हा मठ नाही. इतिहास आणि जुन्या मराठी साहित्याचं संशोधन करणारी ही संस्था डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी उभी केली. शिक्षण कायद्याचं, पण जीव पोथ्यांत.

महानुभाव पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या, त्यामुळे कित्येक शतकं बाहेरच्यांना वाचता येत नव्हत्या. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' १३ व्या शतकातलं, आपल्या शेजारच्या रिद्धपूरचं. देशपांडे यांनी या पोथ्यांचा अभ्यास करून १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ काढला.

ताम्रपटात शेतकऱ्याचा बैल

१९३९ मध्ये वाशीमच्या एका पंडितांकडे चार ताम्रपट मिळाले. देशपांडे यांनी एका सहकाऱ्यासोबत ते वाचून अभ्यासकांपुढे मांडले. वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा यानं सुमारे साडेसोळाशे वर्षांपूर्वी नांदेडकडचं एक गाव दान दिल्याचा तो लेख. त्यात लिहिलंय, या गावात शिपाई शिरणार नाहीत, गावाकडून दूध-फुलं घ्यायची नाहीत, गाई-बैल वेठीला धरायचे नाहीत. म्हणजे तेव्हाही शेतकऱ्याचा बैल सरकारी कामाला ओढला जात होता!

या पत्र्यांमुळेच वाकाटकांच्या वाशीम शाखेचा पत्ता लागला. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या प्रधानानं कोरवून घेतलं. ते पत्रे भांड्यासाठी वितळले असते तर?

आपण काय करायचं?

- कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका.
- पोथी प्लास्टिकमध्ये नको. कोरड्या सुती कापडात बांधा, ओलीपासून दूर ठेवा.
- तांब्याचा पत्रा चिंच-राखेनं घासू नका, अक्षरं जातात.
- मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वस्तू कुठं, कुणाकडं मिळाली ते लिहून ठेवा.
- नांगरताना नाणी किंवा ताम्रपट निघाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे.
- मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय काहीच फेकू नका.

माझ्या आजोबांच्या पेटीतही मोडी कागदांचा गठ्ठा होता. छप्पर गळलं, वाळवी लागली, आम्हीच तो उकिरड्यावर टाकला. त्यात शेताचा व्यवहार होता की घराण्याची हकीकत, आता कोण सांगणार? तुमच्या घरी पेटी असेल तर आजच उघडून पाहा.