शस्त्रवैद्याचीं हत्यारें व तीं घडविणारे हात

वैद्यकाच्या जुन्या पोथ्या जमविण्याचा छंद आम्हांस पुष्कळ वर्षांचा आहे. त्या छंदांत आमच्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगणें प्राप्त आहे. एका वैद्यघराण्यांत पोथ्यांचा रुमाल पाहण्यास आम्ही गेलों असतां त्याच फडताळांत गंजलेल्या सळया, चिमटे व एक चामडी पिशवी असलेली पेटी आम्हांस दिसली. आम्हीं रुमाल तेवढा घेतला. दोन वर्षांनीं पुनः जातों तों ती पेटी मोडीच्या भावानें विकली गेली होती. पोथी हें साधन आणि लोखंड ही अडगळ, असा जो समज आम्हां संग्राहकांत रूढ आहे, तो शास्त्रास धरून नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत ७ व्या अध्यायांत १०१ यंत्रें सांगितलीं आहेत. तीं अशीं: स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ व उपयंत्रें २५. या सर्वांत वैद्याचा हात हेंच प्रधान यंत्र, असेंही तेथेंच म्हटलें आहे. ८ व्या अध्यायांत शस्त्रें २० आहेत. वाग्भटानें अष्टांगहृदयांत तीं २६ सांगितलीं, व तीं ठेवण्यासाठीं ९ अंगुळें रुंद व १२ अंगुळें लांब अशा कोशाचें मापही दिलें. आमच्या दृष्टीआड झालेली ती चामडी पिशवी अशाच कोशाच्या वंशांतली होती कीं काय, हें आतां कोणास सांगतां येणार?

या वर्णनांतील बारकावा पाहण्यासारखा आहे. स्वस्तिकयंत्र १८ अंगुळें लांब असावें व त्याचे दोन्ही भाग मसुराच्या आकाराच्या खिळ्यानें जोडलेले असावे. यंत्राचे दोष १२. त्यांत खिळा मऊ असणें हाही एक दोष गणला आहे. शस्त्राचे दोष ८. त्यांपैकीं खरखरीत धार हा दोष करपत्राच्या बाबतींत मात्र गुण ठरतो, कारण त्यास हाड कापावयाचें असतें. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, तर छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी असावी. हें सारें वाचतांना आपण शास्त्र वाचीत नसून कारागिरास दिलेली मागणीच वाचीत आहों, असें वाटतें. आणि वस्तुस्थितीही तशीच आहे. शुद्ध लोहाचीं शस्त्रें कर्मकुशल अशा कर्माराकडून, म्हणजे लोहाराकडून, करवून घ्यावीं, असें सुश्रुत स्पष्ट सांगतो. वाग्भटही चांगल्या कर्मारांचाच निर्देश करतो. परंतु भट्टीपाशीं पोथी थांबते. लोह किती तापवावें, केव्हां बुडवावें, हें लोहारानें जाणावें, असें गृहीत धरलें आहे.

याचें एक उदाहरण देतों. शस्त्रांची पायना तीन प्रकारची सांगितली आहे: क्षारांत, उदकांत व तैलांत. पायना म्हणजे पाजणें. हा शब्द आम्हीं विद्यार्थ्यांस अनेक वर्षें व्युत्पत्तीनें समजावून दिला. पण त्याचा खरा अर्थ आम्हांस आठवड्याच्या बाजारांत एका घिसाड्यानें शिकविला. तापलेला विळा त्यानें पाण्यांत बुडविला व आतां याला पाणी दिलें, असें तो सहज बोलून गेला. तीच ही पायना! सुश्रुतानें शिरावेधाच्या शस्त्रांस तैलाची पायना सांगितली आहे. तैलांत लोह मंद निवतें, त्यामुळें नाजूक अग्र तडकण्याचें भय कमी होतें. असा हा नियम भट्टीवरच्या अनुभवांतून आलेला दिसतो.

शब्दांची साक्षही हीच आहे. करपत्र सुताराच्या घरीं करवत झालें. संदंश लोहाराकडे सांडस व स्वयंपाकघरांत सांडशी या रूपानें नांदत आहे. आरा चांभाराच्या हातीं आरी झाली. नखशस्त्राची आठवण देणारी न्हाव्याच्या धोकटींतील नराणी ही मूळची नखहरणी होय. वैद्यांच्या घरीं जीं नुसतीं नांवें उरलीं, तीं कारागिरांच्या घरीं वस्तुरूपानें जिवंत राहिलीं.

आतां आपल्या पुण्याकडे वळूं. इंग्रजांच्या सैन्यांतील कावसजी नांवाचा गाडीवान टिपूच्या हातीं सांपडून नाक व एक हात गमावून बसला होता. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक त्यास बसविलें. त्याची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि पुढें १८१४ सालीं कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तीच रीत लंडनांत योजिली. सुश्रुत झाडाच्या पानानें माप घेऊन गालाची कातडी घ्यावी असें सांगतो. येथें माप मेणाच्या पातळ पत्र्याचें व कातडी कपाळाची. तेव्हां ही विद्या ग्रंथावरून शब्दशः उतरलेली नव्हे. ती हातोहात चालत व बदलत आली. त्या हकीकतींत मेण आहे, कात आहे, तूप आहे, २५ व्या दिवसाचा उल्लेखही आहे. नाहीं तें दोन गोष्टींचें नांव: शस्त्र कोणतें, आणि शस्त्र चालविणारा कोण. मग तें शस्त्र घडविणाऱ्याची वार्ता कोण विचारतो?

गिरींद्रनाथ मुखोपाध्याय यांनीं १९१३-१४ सालीं या विषयावर दोन खंडांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो आम्हां सर्वांस आधारभूत आहे. परंतु वचनांवरून आकृति काढणें वेगळें व वस्तु हातीं असणें वेगळें. म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे कीं, वैद्याच्या घरीं रुमाल सोडतांना शेजारची पेटीही उघडावी. प्रत्येक हत्याराची लांबी अंगुळांत मोजून टिपावी. आणि तें जवळच्या वृद्ध लोहारास किंवा न्हाव्यास दाखवून तो त्यास काय म्हणतो तें त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें. पोथीची दुसरी प्रत मिळण्याची आशा असते. मोडींत गेलेल्या शलाकेची प्रत कोठून आणावी?