डेटाबेसची डिस्क कार्यक्षमता: सिद्धान्त आणि चाचणी

डेटाबेस ज्या डिस्कवर साठवलेला असतो, तिच्या वाचन-लेखनाच्या वेगाला डेटाबेसची डिस्क कार्यक्षमता म्हणतात. ती वाढवण्यासाठी दोन मार्ग वापरले जातात. डिस्कच्या रचनेवरून आकडेमोडीने वेगाचा अंदाज बांधणे हा सैद्धान्तिक मार्ग होय. तर ठरावीक कामाचा भार टाकून वेग प्रत्यक्ष मोजणे याला बेंचमार्किंग असे म्हणतात.

सैद्धान्तिक अंदाज

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे पूर्ण करते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद जातात. हेड योग्य ट्रॅकवर सरकण्यास ८.५ मिलिसेकंद लागतात असे धरल्यास, विखुरलेली माहिती वाचताना अशी डिस्क सेकंदाला ८० च्या आसपास वाचने करू शकते.

अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रेड ही पद्धत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. रेड-५ मध्ये एका लहान लेखनासाठी दोन वाचने व दोन लेखने, अशा चार क्रिया कराव्या लागतात; रेड-१० मध्ये दोनच लेखने पुरतात. त्यामुळे लेखन जास्त असलेल्या डेटाबेससाठी सहसा रेड-१० सुचवले जाते.

चाचणी आणि तिच्या मर्यादा

कॅशे, एकाच वेळी येणाऱ्या मागण्या आणि त्यांचा बदलता क्रम यांचा एकत्रित परिणाम आकडेमोडीत पूर्णपणे धरता येत नाही. त्यासाठी चाचणी आवश्यक ठरते. पोस्टग्रेस्क्यूएलसोबत मिळणारे पीजीबेंच आणि डिस्कची चाचणी घेणारे एफआयओ ही त्यासाठीची परिचित साधने आहेत. मात्र चाचणीतील माहिती मुख्य स्मृतीत मावण्याइतकी कमी असेल, तर डिस्कऐवजी स्मृतीचाच वेग मोजला जातो.

निष्कर्षांची पडताळणी

व्यवहार पूर्ण झाल्याचे कळवण्यापूर्वी त्याची नोंद डिस्कवर कायम होणे आवश्यक असते. एकच वापरकर्ता एकामागून एक व्यवहार करत असेल, तर वरील डिस्कवर फेऱ्यागणिक साधारण एक, म्हणजे सेकंदाला सुमारे १२० व्यवहार ही मर्यादा येते. चाचणीत हजारो व्यवहार दिसल्यास नोंदी डिस्कवर न पोहोचता कॅशेमध्येच राहत असल्याची शक्यता असते. त्या कॅशेला बॅटरीचे संरक्षण नसेल, तर वीज जाताच पूर्ण झाल्याचे कळवलेले व्यवहारही नष्ट होऊ शकतात. पोस्टग्रेस्क्यूएलमधील पीजी_टेस्ट_एफसिंक या साधनाने अशी तपासणी करता येते.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसल्याने फेऱ्यांचे गणित लागू होत नाही. तेथे वीज गेल्यावर प्रलंबित लेखन पुरे करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर आहेत की नाहीत, हे पाहावे लागते.