दिवाडीचा मातेउस, डिचोलीचा बिशप

मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावरून दोघे जण नदी ओलांडून डिचोली महालात आले. पहिल्याची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. तो म्हणजे कदंबांचे राजदैवत श्री सप्तकोटेश्वर. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी दिवाडीवरचे देऊळ पाडले, भक्तांनी लिंग पलीकडच्या काठाला नेले आणि गावाचे नावही सोबत गेले. म्हणून आज दिवाडीवर एक नार्वे आहे आणि डिचोलीत दुसरे. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख आपण लहानपणापासून पाहत आलो.

दुसऱ्याचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव मातेउस द कास्त्रो, मूळ आडनाव महाले. तोही दिवाडीचाच. जन्म १५९४ च्या सुमाराचा, घर ब्राह्मण ख्रिस्तावांचे. सप्तकोटेश्वर डिचोलीत आला तो फिरंग्यांच्या हातून वाचण्यासाठी. हा मातेउसही डिचोलीत येऊन राहिला तो फिरंग्यांच्या सत्तेबाहेर राहण्यासाठीच. गंमत अशी की हा माणूस हिंदू नव्हता, कॅथलिक पंथाचा बिशप होता!

गोव्यातल्या धर्मांतराविषयी आपण मराठी माणसे जेव्हा बोलतो, तेव्हा आपली गोष्ट बहुधा बाटण्याच्या क्षणी संपते. देवळे पाडली, माणसे बाटवली, काही पळाली, काही राहिली. हे सगळे खरेच आहे आणि ते विसरण्याचे कारण नाही. पण जी राहिली त्यांच्या नातवंडांचे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मातेउस जन्मला तेव्हा दिवाडीचे देऊळ पडून तीस-पस्तीस वर्षे उलटली होती. त्याने सप्तकोटेश्वर पाहिला नव्हता. त्याच्या कानावर पडत होते ते ख्रिस्ताचे शब्द, आणि ते त्याने मनापासून खरे मानले. त्याच्यापुढचा अवघड प्रश्न नेमका यातूनच निर्माण झाला. सगळी माणसे एका देवाची लेकरे आहेत असे पाद्री सांगतो, मग तोच पाद्री मला गोऱ्या माणसाच्या पंगतीला का बसवत नाही?

त्याच काळात सासष्टीत एक मोठे काम चालले होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. ज्यांची जुनी पुराणे हिरावून घेतली होती त्या नवख्रिस्तावांना काहीतरी वाचायला हवे, ही त्यामागची गरज होती. ग्रंथाची मांडणी आपल्या पुराणांसारखीच आहे. पाद्री-गुरू कथा सांगतो, श्रोते मधेच शंका काढतात, गुरू तिचे निरसन करतो. वरवर पाहता ही एक साहित्यिक रीत. पण मला तिच्यात त्या काळच्या सासष्टीतल्या घरांचा आवाज ऐकू येतो. लोकांना शंका होत्या, त्या ते बोलून दाखवत होते आणि उत्तरे आपल्याच भाषेत, आपल्याच ओवीत मिळावीत असे त्यांना वाटत होते.

मातेउसची शंका मात्र या पुराणात मावणारी नव्हती. तो बार्देशात रेईस मागूस येथे फ्रान्सिस्कनांच्या विद्यालयात शिकला आणि पाद्री होण्याची इच्छा त्याने धरली. त्या काळी काही स्थानिक तरुणांना पाद्रीपण मिळत असे, पण बहुधा गोऱ्या पाद्रीचा मदतनीस म्हणूनच. धर्मसंघांची दारे तर जवळजवळ बंदच होती. मलबारचा पेरो लुईस हा एक ब्राह्मण १५७५ मध्ये जेझुइट पाद्री झाला, त्यानंतर त्या संघाने भारतीयांसाठी कवाड लावून घेतले ते लावूनच घेतले. मातेउसला गोव्याचा आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा इ लिश्बोआ याने दीक्षा नाकारली.

इथे दुसरा कोणी असता तर दोनच वाटा होत्या. गप्प बसायचे, नाहीतर फिरंग्यांसोबत त्यांचा देवही टाकून द्यायचा. मातेउसने तिसरी वाट धरली. तुमचा धर्म जगभराचा आहे ना, मग त्याच्या मुख्य पीठाकडेच मी न्याय मागतो, असे म्हणून तो रोमला निघाला! पोर्तुगीज जहाजाचा भरवसा नव्हता, म्हणून खुष्कीच्या मार्गाने गेला आणि १६२५ मध्ये रोमला पोहोचला. डोळ्यांसमोर नकाशा आणून पाहा. दिवाडीच्या खाजनातला एक तरुण, हाती सत्ता नाही की पैसा नाही, आणि तो चालत निघतो पोपच्या दारी.

रोममध्ये त्याची वेळ बरी होती. १६२२ मध्ये तिथे प्रोपागांदा फिदे नावाची संस्था स्थापन झाली होती. पूर्वेकडचे धर्मकार्य पोर्तुगालच्या राजाच्या मुठीतून सोडवून घ्यावे, असे तिच्या मनात होते. राजाची ही मूठ म्हणजे पाद्रोआदो. बिशप कोण व्हावे, पाद्री कुठे जावा, हे ठरवण्याचा हक्क पोपनेच कधीकाळी राजाला देऊन टाकला होता. प्रोपागांदाचा चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हा स्थानिक पाद्री घडवण्याचा मोठा पुरस्कर्ता. त्याला मातेउस हवाच होता. तेव्हा मातेउसला आशेचे उत्तर मिळाले ते निव्वळ धर्मग्रंथातून नव्हे. रोम आणि लिस्बन यांच्यातल्या भांडणाने त्यासाठी जागा करून दिली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पाद्री होऊन तो १६३३ मध्ये परतला, तर गोव्याने त्याचे कागद मानले नाहीत. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ मध्ये त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि 'इदलकांव' म्हणजे आदिलशाही मुलखाचा विकार अपोस्तोलिक म्हणून त्याची नेमणूक झाली. लॅटिन पंथाचा हा पहिला भारतीय बिशप. आणि त्याने ठाण मांडले ते डिचोलीत, कारण डिचोली तेव्हा आदिलशहाकडे होती. समोर नदीपलीकडे त्याची जन्मभूमी, जिथे त्याच्या बिशपपणाला कवडीची किंमत नव्हती. अलीकडे मुसलमान सुलतानाचे राज्य, जिथे तो मोकळेपणी मीस म्हणू शकत होता. डिचोलीत तो गोव्यातल्या तरुणांना पाद्रीपणाची दीक्षा देऊ लागला, तेव्हा पलीकडे भडकाच उडाला. इथिओपियाचा जेझुइट पेत्रियार्क आफोन्सु मेंदिश याने तर त्याच्या कातडीच्या रंगावरून गलिच्छ शब्द लिहून ठेवले आहेत. विद्वान माणूस होता हो तो.

१६५३ मध्ये मातेउसने गोव्यातल्या ख्रिस्ताव ब्राह्मणांना उद्देशून एक लेख लिहिला. त्याचे नाव 'ब्राह्मणांचा आरसा'. फिरंगी तुम्हाला कसे खालच्या पायरीवर ठेवतात ते या आरशात बघा आणि उठा, असा त्याचा सूर. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज बार्देश-सासष्टीत शिरली, तेव्हा त्यामागे हाच बिशप आहे असा आळ पोर्तुगीजांनी त्याच्यावर घेतला. काहीही असो, ख्रिस्ती असणे आणि पोर्तुगालचा चाकर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोव्यात इतक्या स्वच्छपणे कागदावर उतरवणारा पहिला माणूस म्हणून मी त्याच्याकडे पाहतो.

पण त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचीही घाई नको. त्याचा आरसा ब्राह्मणांचा होता. चार्डो, शूद्र, गावडे त्यात दिसत नव्हते. स्वतःवरचा अन्याय ज्याला इतका स्पष्ट दिसला, त्याला आपल्या जातीच्या भिंतीपलीकडचा अन्याय दिसू नये? हा तिढा गोव्याच्या ख्रिस्ती समाजात पुढे कित्येक पिढ्या राहिला, आणि जे आपल्या हिंदू देवळांच्या महाजनकीकडे पाहतात त्यांनी त्यावर हसण्याचे कारण नाही.

१६५८ मध्ये मातेउस रोमला गेला तो परत आलाच नाही. १६७७ मध्ये तिथेच वारला. पुतण्या तोमास द कास्त्रो कानडा मुलखाचा विकार अपोस्तोलिक झाला. त्याच्याशी पाद्रोआदोच्या वतीने वाद करायला १६८१ मध्ये गोव्याहून कोणाला पाठवावे? बाणावलीच्या फादर जुझे वाझला! म्हणजे एका गोमंतकीयासमोर दुसरा गोमंतकीय. वाझने वादात फार रस घेतला नाही. काही वर्षांनी त्याने आपली वेगळीच वाट शोधली. १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात तो डचांच्या ताब्यातल्या सिलोनात उतरला. तिथे कॅथलिकांना पाद्री मिळत नव्हता आणि युरोपियन पाद्री लगेच ओळखला गेला असता. ज्या रंगापायी मातेउसला दार बंद झाले, तोच रंग वाझला कामी आला. त्याने कुणाला जाब विचारला नाही, कुणाविरुद्ध लिहिले नाही. कँडीत देवीच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केली आणि १७११ मध्ये तिथेच देह ठेवला. २०१५ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्यामागून १७०५ मध्ये सिलोनात गेलेला जाकोम गोन्साल्विस तर दिवाडीचाच. त्याने सिंहली भाषा इतकी आत्मसात केली की तिथल्या ख्रिस्ती साहित्याचा तो जनक मानला जातो.

मातेउसचा प्रश्न मात्र गोव्यात तसाच धुमसत राहिला. १७८७ चे पिंटोंचे बंड त्याच प्रश्नाचे पुढचे रूप. बिशपपदासाठी लिस्बनला खेटे घालून रिकाम्या हाताने परतलेल्या दोन पाद्रींपैकी जुझे आंतोनियो गोन्साल्विस हाही दिवाडीचा. (या बेटाच्या पाण्यात काय आहे कोण जाणे!) बंड फुटण्याआधीच फुटले आणि १५ जणांना फासावर चढवण्यात आले.

नेमक्या याच दशकात डिचोली, सत्तरी आणि मागून १७८८ मध्ये पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले. नवी काबिजाद. तोवर काळ बदलला होता. जेझुइटांना १७५९ मध्येच हाकलून लावले होते, आणि नव्या मुलखातल्या लोकांच्या देवधर्माला हात लावणार नाही असे सरकारने मान्य केले. म्हणून सप्तकोटेश्वर नार्व्यात आणि भगवती पेडण्यात सुखाने राहिली. मातेउसची डिचोली शेवटी पोर्तुगीजांची झाली खरी, पण तिथे इगर्जीपेक्षा देवळांचीच वस्ती दाट राहिली. धर्माचा जोर आणि तलवारीचा जोर यांची फारकत झाली की काय होते ते पाहायचे असेल तर जुनी आणि नवी काबिजाद यांचे नकाशे शेजारी ठेवावेत.

गोव्याच्या धर्मपीठावर गोमंतकीय आर्चबिशप बसायला १९७८ साल उजाडावे लागले. ते राउल गोन्साल्विस. त्यांच्यानंतरचे फिलिप नेरी फेर्रांव २०२२ मध्ये कार्डिनल झाले. मातेउस गोव्यातून दीक्षेविना निघाला त्याला तोवर चारशे वर्षे होत आली होती.

पेडण्याच्या टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि आत सांत आंतोनचे चर्च बांधले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींची एक तुकडी त्या किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा फडकवला. तुकडीचे नेतृत्व आल्फ्रेद आफोन्सो या गोमंतकीय ख्रिस्तावाकडे होते. रात्रभर तो झेंडा त्या चर्चशेजारी फडकत होता. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज आले आणि त्यांना पकडून घेऊन गेले.