इंजिन सुरू न होणे (जुन्या मोटारींचे)

ठिणगी, इंधन आणि दाब यांपैकी एकाची उणीव पडल्याने जुन्या पेट्रोल मोटारीचे इंजिन चालू न होणे, व त्या उणिवेचे मूळ क्रमाने शोधणे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2021 च्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली खाजगी दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून दाखल होऊ शकते. सबब युद्धपूर्व परदेशी मोटारींबरोबरच महिंद्राच्या जुन्या जीपा आणि प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून निघालेली फियाट 1100 याही गाड्या आता या सन्मानास पात्र ठरल्या आहेत.

तपासाचा आरंभ सेल्फपासून करावा. तो फिरतच नसेल, अथवा मंद फिरत असेल, तर इंजिनाला दोष देण्यापूर्वी बॅटरी, तिची टोके आणि चासीला जोडलेली अर्थिंगची पट्टी यांची शहानिशा व्हावी. निफाडच्या बाजूस कडाक्याची थंडी पडते त्या दिवसांत बॅटरीचे बळ घटते व तेल दाटते. शिवाय 6 व्होल्टच्या जुन्या जीपमध्ये तेवढ्याच कामासाठी 12 व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागत असल्याने अर्थिंगवरील थोडासा गंजही सेल्फला हतबल करतो.

सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर प्रथम ठिणगी पाहावी. कार्बोरेटर आधी उघडण्याची घाई हा या कामातील सर्वांत घातक प्रमाद होय, कारण त्यात बहुधा नसलेला दोष दुरुस्त होतो आणि असलेला तसाच राहून त्यात नव्याची भर पडते. डेल्कोतील (डिस्ट्रिब्युटरमधील) पॉइंट उघडताच कॉइलमधील चुंबकक्षेत्र कोसळते व त्यातून हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. पॉइंट जळले, त्यांवर तेलकट थर चढला, किंवा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे त्यांचे अंतर मिटले, की ही क्रियाच खुंटते. ठिणगी पिवळी व क्षीण असून पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. इगतपुरी-त्र्यंबककडील पावसात मात्र दोष पुष्कळदा याहून साधा असतो: डेल्कोच्या टोपीत ओल धरते, करंट प्लगकडे न जाता तिच्या पृष्ठभागावरूनच ओघळतो, आणि टोपी कोरड्या फडक्याने पुसताच गाडी चालू होते. ठिणगीची परीक्षा पेट्रोलच्या वाफांपासून दूरच करावी.

ठिणगी सतेज निघाली तरच इंधनाकडे वळावे. कार्बोरेटरपाशी नळी सोडवून इंजिन फिरवले असता पेट्रोल ठोक्याठोक्याने यावे. न आल्यास टाकीतील कचरा, तुंबलेली गाळणी किंवा पंपाचा फाटलेला पडदा, अशी मागे मागे रुजवात घालत जावी. उन्हाळ्यात कसारा घाट चढून इगतपुरीला थांबलेली फियाट पुन्हा चालू होत नाही, तेव्हा पंप इंजिनालाच बसवलेला असल्याने तापून नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते, व त्या वाफेमुळे पंपाला इंधन ओढता येत नाही. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि धीर धरावा, एवढाच त्यावर उपाय. आजच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगवते आणि हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते साठू देऊ नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे. याउलट प्लग पेट्रोलाने चिंब निघाले, तर चोकचा अतिरेक झाला असे समजावे. चोक मोकळा ठेवून व अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, की सिलिंडर कोरडे होतात.

दाबाचा दोष विरळा. दीर्घकाळ उभ्या असलेल्या जुन्या जीपमध्ये झडपा किंवा पिस्टनच्या कड्या गंजून अडकतात; तेव्हा सेल्फ न मारता प्लगच्या छिद्रांतून तेल सोडावे, ते मुरू द्यावे, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून, प्लग बाहेरच ठेवून, इंजिन हँडलने हळूहळू फिरवावे. पुढे गाडी हँडल मारून चालू करताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, कारण टायमिंग पुढे गेलेले इंजिन हँडल उलटे फेकते आणि अंगठा पलीकडून वेढलेला असल्यास मनगट मोडते.