ऊर्जाव्ययाचा इतिहास

घन पदार्थाने शोषलेल्या प्रकाशाची अखेर उष्णता कशी होते, या प्रश्नाचा शोध घेताना रशियन भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९३१ साली स्फटिकातून संचार करणाऱ्या उत्तेजनेची कल्पना मांडली. आणि ज्या इलेक्ट्रॉन व धनभारित पोकळीच्या बद्ध युगुलास पुढे एक्सायटॉन ही संज्ञा लाभली, त्याचा जन्म असा ऊर्जेच्या जमाखर्चातूनच झाला. १९३७ साली ग्रेगरी वॅनिए यांनी अर्धवाहकांतील विस्तीर्ण युगुलाचे गणित सिद्ध केले, तर १९५२ साली लेनिनग्राडमध्ये येवगेनी ग्रोस व त्यांच्या सहकाऱ्यास क्युप्रस ऑक्साइडच्या वर्णपटात हायड्रोजनसदृश रेषांच्या रूपाने त्याचे प्रत्यक्ष प्रमाण मिळाले.

तथापि हे युगुल आपली अधिक ऊर्जा कोणत्या क्रमाने व किती मुदतीत टाकते, याच्या अभ्यासास विशेष अनुकूल क्षेत्र लाभले ते १९७४ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रेमंड डिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅल्युमिनियममिश्रित थरांमध्ये गॅलियम आर्सेनाइडचा अतिपातळ थर कोंडून त्या क्वांटम विहिरीतील पृथक् ऊर्जापातळ्या दाखविल्यानंतर. अखंड स्फटिकात जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असलेले युगुलाचे बंधन या संकुचित जागेत दुपटीहून दृढ होते.

पुढे पिकोसेकंदाचाही अंश मोजणारे लेसर हाती आले आणि व्ययाचे टप्पे उलगडले. मोठी रक्कम स्फटिकाच्या ‘प्रकाशीय’ कंपनांना सुमारे ३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एकेका हप्त्याने सत्वर चुकती होते. परंतु बाकी एका हप्त्याहून कमी उरली, की थंड स्फटिकात तो मार्ग खुंटतो आणि ध्वनिकंपनांना अल्पस्वल्प देत एक्सायटॉनला सावकाश निवावे लागते. बेल प्रयोगशाळेतील १९९० च्या प्रयोगांत उजेड परमावधीस पोहोचण्यास शेकडो पिकोसेकंद लागल्याचे दिसले, ते या विलंबामुळे. कारण, प्रकाशकणाचा संवेग अत्यल्प असल्यामुळे, जवळजवळ स्थिर झालेल्या एक्सायटॉनलाच उजेड देता येतो. १९९१ साली फ्रान्समध्ये बेन्वा दव्हो यांच्या गटाने एक्सायटॉन थेट त्याच स्थितीत निर्माण केले, तेव्हा ते सुमारे १० पिकोसेकंदांतच प्रकाशले.

व्यय म्हणजे निव्वळ हानी, ही समजूत येथे टिकत नाही. गतीचा भार स्फटिकाच्या स्वाधीन केल्यावाचून तप्त एक्सायटॉनला प्रकाशरूप होता येत नाही, आणि म्हणून क्वांटम विहिरीच्या उजेडाचे श्रेय, आजवर केवळ अपव्ययाच्या खाती मांडल्या गेलेल्या त्या कंपनांनाही न्यायाने दिले पाहिजे.