कॅलेंडर निवडण्याचा हक्क

नवें वर्ष जवळ आलें म्हणजे शहरांतील बहुतेक घरांत एक लहानसा प्रश्न निघतो. भिंतीवर यंदा कोणतें कॅलेंडर लावावयाचें, आणि टेबलावर कोणती रोजनिशी ठेवावयाची? वाणी, सोनार, विमा कंपनी यांच्याकडून फुकट आलेलीं कॅलेंडरें घरांत असतातच. शिवाय अलीकडे कित्येक चित्रकार स्वतः काढलेलीं व स्वतःच छापून घेतलेलीं कॅलेंडरें आणि प्लॅनर बाजारांत आणतात. कोणी चित्र पाहतो, कोणी कागद पाहतो, कोणी किंमत पाहतो. परंतु अशी निवड करण्याची मोकळीक सर्वत्र पहिल्यापासून होती असें नाहीं. इंग्लंडांत ती एका हट्टी पुस्तकविक्रेत्यानें न्यायालयांत भांडून मिळविली. त्या भांडणाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

लंडनमधील पुस्तकविक्रेते, छापखानेवाले व कागदविक्रेते यांचा जो संघ होता, त्याचें नांव स्टेशनर्स कंपनी. १५५७ मध्यें राणी मेरी व राजा फिलिप यांच्याकडून तिला सनद मिळाली. पुढें १६०३ मध्यें पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला, आणि त्याच वर्षीं त्यानें वार्षिक पंचांगें छापण्याचा मक्ता या कंपनीस बहाल केला. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांसहि या कामीं अधिकार होता. परंतु त्यांनीं तो वापरूं नये म्हणून कंपनी त्यांस पैसे देई, आणि विद्यापीठें स्वस्थ बसत. परिणाम असा झाला कीं, इंग्लंडांतील कोणाहि गृहस्थास वर्षाच्या तारखा छापील स्वरूपांत पाहिजे असल्या तर त्यास एकाच दारीं जावें लागे.

हें इंग्रजी पंचांग आपल्या जंत्रीसारखेंच असे. त्यांत महिने, वार, सण, चंद्राच्या कला, ग्रहणें, जत्रांचे दिवस, न्यायालयांच्या बैठकींचे काळ इत्यादि माहिती येई, आणि तिच्या जोडीला पुढील वर्षाचें भविष्य. चंद्र कोणत्या राशीस असतां शरीराच्या कोणत्या अवयवावर त्याचा अंमल चालतो, याचेंहि एक कोष्टक असे. कांहीं पंचांगांत छापील पानासमोर एक कोरें पान सोडीत. त्यावर घरधनी आपले हिशेब, देणीं-घेणीं आणि आठवणी टिपून ठेवी. आजच्या प्लॅनरचें हें जुनें रूप म्हणावयास हरकत नाहीं.

या मालाचा खप किती होता हें पाहिलें म्हणजे मक्त्याची किंमत कळते. १६६० नंतरच्या दशकांत वर्षास सुमारें चार लक्ष पंचांगें खपत. फ्रान्सिस मूर याच्या नांवानें निघणारें ‘व्हॉक्स स्टेलॅरम’ हें भविष्यप्रधान पंचांग एकट्या १७६८ सालीं १,०७,००० प्रतींपर्यंत गेलें. आणि स्वतः मूर तर १७१५ मध्येंच मरण पावला होता! माणूस गेला, तरी नांव विकत राहिलें.

या सोन्याच्या खाणीवर हात टाकणारा माणूस म्हणजे टॉमस कार्नन. मुलांच्या पुस्तकांचा प्रसिद्ध प्रकाशक जॉन न्यूबेरी याचा हा सावत्र मुलगा. सेंट पॉल्स प्रार्थनामंदिराच्या आवारांत त्याचें दुकान होतें. पंचांगें छापण्याचा हक्क एकट्या कंपनीस कां असावा, असा प्रश्न त्यानें केला, आणि स्वतःचीं पंचांगें छापून विकण्यास आरंभ केला. कंपनीनें त्याच्यामागें कायद्याचा ससेमिरा लावला. त्याची अशी गोष्ट सांगतात कीं, केव्हां धरून नेतील याचा नेम नाहीं म्हणून तो खिशांत एक धुतलेला सदरा नेहमीं बाळगी, म्हणजे तुरुंगांतहि माणसांत बसण्याजोगा पोशाख राहावा! गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, माणसाचा स्वभाव तिच्यांत दिसतो.

प्रकरण अखेर ‘कॉमन प्लीज’ न्यायालयापुढें गेलें. कंपनीच्या बाजूचा एक मुद्दा मोठा चतुर होता. पंचांगाचें मूळ प्रार्थनापुस्तकांतील सणांच्या यादींत आहे. प्रार्थनापुस्तक राजाच्या अधिकारांतलें. म्हणून पंचांगहि राजाचें, आणि तें राजानें कंपनीस दिलें, असें तिचें म्हणणें. न्यायालयानें १७७५ मध्यें हें म्हणणें फेटाळलें. वर्षाचे दिवस कोणीं छापावे हें ठरविण्याचा अधिकार राजमुकुटास नाहीं असा निकाल झाला, आणि पावणेदोन शतकांचा मक्ता कोसळला.

निकालाचें फळ लगेच दिसूं लागलें. कार्ननने काढलेल्या ‘लेडीज अँड जंटलमन्स डायरी’ या वार्षिकाचा संपादक रूबेन बरो हा गणिती होता. हाच बरो १७८२ मध्यें बंगालमध्यें आला. येथें त्यानें जुन्या हिंदु गणिताचा शोध आरंभिला, आणि द्विपद सिद्धांत हिंदूंस ठाऊक होता असें प्रतिपादन करणारा निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें १७९० सालीं प्रसिद्ध केला. १७९२ मध्यें तो बक्सार येथें वारला. लंडनच्या एका दुकानदाराचें पंचांग चालविणारा माणूस आपल्या गणिताच्या इतिहासांत असा येऊन पोंचतो.

मक्तेदार मात्र सहजासहजीं हार खात नाहींत. न्यायालयांत गमावलेलें पार्लमेंटांत मिळवावें म्हणून १७७९ मध्यें मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ यांनीं कंपनीस व विद्यापीठांस मक्ता परत देणारें बिल मांडलें. कॉमन्स सभेपुढें कार्ननची बाजू मांडण्यास उभा राहिला तो टॉमस अर्स्किन. एकच वर्षापूर्वीं बॅरिस्टर झालेला हा तरुण पुढें इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. पंचांगें शुद्ध व सभ्य असावीं म्हणून मक्ता पाहिजे, असें प्रतिपक्षाचें म्हणणें होतें. अर्स्किननें कंपनीचींच पंचांगें पुढें केलीं, आणि खपासाठीं त्यांत केवढा अचरटपणा व अश्लीलता भरली आहे हें दाखवून दिलें. खुद्द मुख्य प्रधानांचें बिल सभेनें नामंजूर केलें.

येथें गोष्ट संपली असती तर ती फारच गोड झाली असती. पण १७८१ मध्यें सरकारनें पंचांगांवरील स्टँपचा कर वाढविला, आणि त्या उत्पन्नांतून दोन्ही विद्यापीठांस दरसाल ५०० पौंडांची भरपाई लावून दिली. १७८८ मध्यें कार्नन वारला, तेव्हां त्याचा पंचांगांचा व्यवसाय स्टेशनर्स कंपनीनेंच विकत घेतला. कर तर वाढतच गेला, आणि १८१५ पर्यंत दर प्रतीस १ शिलिंग ३ पेन्सांवर पोंचला. कायद्यानें दार उघडलें होतें, तें करानें पुन्हां अर्धें लोटलें गेलें.

शिवाय गिऱ्हाइकाचाहि दोष होताच. कंपनीनें एकदां मूरच्या पंचांगांतून चंद्राच्या अवयवांवरील अंमलाचें तें कोष्टक गाळून पाहिलें. तेव्हां बहुतेक प्रती परत आल्या आणि कोष्टक घालून पुन्हां छापणें भाग पडलें, असें सांगतात. वाईट माल केवळ विकणाऱ्यामुळें टिकत नाहीं. तो मागणाऱ्यामुळेंहि टिकतो.

मध्यंतरीं एक नवी सोय मात्र झाली होती. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमधील कागदविक्रेता जॉन लेट्स यानें १८१२ मध्यें पुढील दिवसांचीं कामें टिपण्यासाठीं छापील रोजनिशी काढली. पंचांगांतलें कोरें पान आतां स्वतंत्र पुस्तक झालें.

१८३४ मध्यें पंचांगांवरील कर रद्द झाला, आणि चित्रकारांस खरा वाव मिळाला. लागलीच १८३५ सालचें ‘कॉमिक अल्मनॅक’ जॉर्ज क्रुइकशँक या चित्रकाराच्या विनोदी चित्रांसह निघालें, आणि तें १८५३ पर्यंत चाललें. आतां लोक ज्योतिषाच्या नांवावर नव्हे, तर चित्रकाराच्या नांवावर पंचांग घेऊं लागले. या परंपरेचें सर्वांत नाजूक फूल म्हणजे केट ग्रीनवे. लांकडावर चित्रें कोरणाऱ्या कारागिराची ही मुलगी १८४६ मध्यें लंडनांत जन्मली. १८८३ पासून १८९५ पर्यंत दरसाल, आणि शेवटीं १८९७ सालीं, तिचें चिमुकलें पंचांग निघालें. मुलाच्या तळहातांत मावेल एवढें त्याचें पुस्तक. त्यांत जुन्या धाटणीचे झगे व टोप्या घातलेलीं मुलें, फुलें, ऋतु, आणि मोजक्या तारखा. एडमंड इव्हान्स यानें लांकडी ठशांवरून त्याची रंगीत छपाई केली. त्यांत भविष्य नव्हतें, भीति नव्हती. शंभर वर्षांपूर्वीं असें पंचांग छापणारास न्यायालयाची पायरी चढावी लागली होती, हें तें हातीं घेणाऱ्या मुलांस काय ठाऊक?

आज चित्रकाराचें कॅलेंडर किंवा प्लॅनर घेतांना या इतिहासांतून कांहीं कसोट्या सहज हातीं लागतात. पंचांगाचें पहिलें काम तारीख सांगण्याचें. म्हणून आंकडे दुरून वाचतां येतात कीं नाहींत, वार व सण बिनचूक आहेत कीं नाहींत, हें चित्राच्या आधीं पाहावें. लिहिण्यास जागा सोडली आहे कीं नाहीं, हें त्यानंतर. चित्र शेवटीं पाहावें. पण पाहावें मात्र बारकाईनें, कारण तें पुरा महिनाभर घरांतल्या मुलांच्या डोळ्यांसमोर राहणार असतें. दुकानदाराकडून फुकट आलेलें कॅलेंडर खिळ्याला अडकविण्यास कांहीं हरकत नाहीं. तें या कसोट्यांस उतरलें तर उत्तमच. मात्र केवळ फुकट मिळालें म्हणून तें लावलें, तर कार्ननने खिशांत सदरा बाळगून मिळविलेली मोकळीक आपण न वापरतांच परत केली असें होईल.