शेजारणीचे मास्तर

अमेरिकेचा विषय निघाला की आमची मावशी उंच इमारतींबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिच्या गजाली सगळ्या शेजारणीच्या. साठच्या दशकात काकांना वॉशिंग्टनमध्ये नोकरी लागली आणि कुडाळची ही बाई तिथं जाऊन पडली. शेजारीण काळी, शाळेत शिकवणारी, हॉवर्ड विद्यापीठात शिकलेली. तिच्याकडून मक्याचा कॉर्नब्रेड यायचा, इकडून घावणे जायचे. तो ब्रेड मावशी चक्क आमटीत बुडवून खायची. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगांचा खून झाला, शहर पेटलं, संचारबंदी लागली. तेव्हा या दोघी स्वयंपाकघरात बसून नाटकाच्या गप्पा मारत होत्या, असं मावशी सांगायची. दशावतार पहाटेपर्यंत बघणारी बाई ती, नाटकाचं नाव काढलं की खुलायची.

शेजारणीच्या तोंडी सतत एकच नाव, ओवेन डॉडसन. १९४७ पासून हॉवर्डमध्ये नाटक शिकवणारे मास्तर. स्वतः कवी, नाटककार, दिग्दर्शक. जन्म १९१४ चा, ब्रुकलिनचा. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीनं वाढवलं. बेट्स कॉलेजात असताना या पोरानं कीट्सच्या सुनीताला नावं ठेवली. प्राध्यापक म्हणाले, मग तू त्याच्या तोडीचं लिहीपर्यंत सुनीतं लिहून आणून दे! पोरगा खरंच लिहीत बसला. हे ऐकून मावशी मांडीवर थाप मारायची, "मास्तर असोच व्हयो, बाये!"

पुढं येलला नाट्यशिक्षण. तिथंच १९३८ मध्ये त्यांचं ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे पद्यनाटक रंगमंचावर आलं. लोकांना नादी लावणाऱ्या एका धर्मगुरूची गोष्ट होती ती.

पण शेजारीण जास्त रंगून सांगायची ती १९४९ ची गोष्ट. तिच्या आधी तिथं शिकून गेलेल्या मुलांकडून ऐकलेली, त्यामुळं आमच्यापर्यंत तिसऱ्या तोंडून आलेली. तिथले शिक्षक ॲन कुक, जेम्स बुचर आणि डॉडसन हॉवर्डच्या काळ्या पोरापोरींना घेऊन बोटीनं नॉर्वेला गेले. नाटक कुठलं? इब्सेनचं ‘द वाइल्ड डक’, तेही इब्सेनच्याच देशात! पुढं डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी. आणि इकडं घरी? वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात काळ्या माणसाला प्रेक्षक म्हणून घेत नसत. त्यावरून एवढं रण पेटलं, की १९४८ मध्ये मालकांनी तिथली नाटकंच बंद केली, पण दार उघडलं नाही. परदेशात टाळ्या घेणाऱ्या त्या पोरांना आपल्याच गावात तिकीट मिळत नव्हतं. मावशी इथं गप्प व्हायची. आमच्याकडच्या देवळांची दारं तिलाही ठाऊक होती.

शेजारणीचा स्वतःचा पराक्रम १९५५ चा. जेम्स बाल्डविन तेव्हा तरुण लेखक. ‘द आमेन कॉर्नर’ नावाचं त्याचं नाटक, हार्लेममधल्या एका लहानशा चर्चची बाई-पाद्री, तिचा मुलगा आणि परत आलेला नवरा यांचं. न्यूयॉर्कमध्ये कुणी हात लावेना. डॉडसननी ते हॉवर्डमध्ये बसवलं. तिथल्या काही प्राध्यापकांनी नाकं मुरडली. पोरांना शुद्ध बोलायला शिकवायचं सोडून ही कसली रस्त्यावरची भाषा! मास्तर हटले नाहीत. चर्चमधल्या झग्यांची शिवण शेजारणीकडं होती, निदान तिचं म्हणणं तसं. तेच नाटक ब्रॉडवेवर जायला १९६५ उजाडलं.

मास्तर १९७० मध्ये हॉवर्डमधून निवृत्त झाले, १९८३ मध्ये गेले. त्यांची स्वतःची नाटकं आज क्वचितच कुणी काढतं. दुसऱ्याचं नाटक उभं करण्यात आणि दुसऱ्याची पोरं घडवण्यात त्यांचा जन्म गेला. आपल्या घरातही अशी माणसं असतात. फोटोत नसतात, कारण पंगत तेच वाढत असतात.

१९९३ मध्ये लेखिका टोनी मॉरिसनला नोबेल मिळालं तेव्हा मावशी कुडाळला परतलेली होती. मॉरिसन हॉवर्डची, तिथल्या ‘हॉवर्ड प्लेअर्स’ नाटकमंडळीत काम केलेली. तेव्हाची ती क्लोई वॉफर्ड, शेजारणीच्या पुढच्या वर्गात. पेपर हातात धरून मावशीनं पडवीत बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं, "अगो, ही आमच्या शेजारणीच्या नाटकातली!" आणि गूळ-खोबरं वाटलं.